आसन मिळाले, अक्षर केव्हा?



वऱ्हाडची भूमी ही प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराजांची भूमी आहे. १८८१ साली जन्मलेल्या महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली आणि १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. एवढ्या अल्प आयुष्यात माधानच्या या सत्पुरुषाने शंभराहून अधिक ग्रंथ निर्माण केले. त्यांच्या प्रज्ञेपुढे सर्वजण नतमस्तक होतात. परंतु त्या ग्रंथसंपदेमागील एक साधी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. महाराजांना कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवीत असे आणि ते सांगतील ते कोणीतरी लिहून घेत असे. प्रज्ञा महाराजांची होती. डोळे आणि हात भोवतालच्या माणसांनी दिले होते.

आज वऱ्हाडातील दृष्टिहीन विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारी येतो, तेव्हा त्याला हे डोळे आणि हात कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

१ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. त्यातील अनेक विद्यार्थी खेड्यापाड्यांतून येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासामागे किमान वीस मिनिटे अधिक मिळतात. म्हणजेच कायद्याने प्रवेशाच्या दिवसाची आणि परीक्षेच्या दिवसाची तरतूद केली. परंतु या दोन दिवसांच्या मध्ये जे संपूर्ण वर्ष असते, त्या वर्षात विद्यार्थ्याने वाचायचे काय आणि कसे?

तंत्रज्ञानाने याचे उत्तर दिलेले आहे, आणि ते महागही नाही. मायकेल करन व जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली 'एनव्हीडीए' ही संगणकप्रणाली तयार करण्यास प्रारंभ केला. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर ती मोठ्याने वाचून दाखविते, मराठीही वाचते, आणि ती पूर्णतः विनामूल्य आहे. साध्या स्मार्टफोनमध्येही पडदा वाचून दाखविण्याची सोय असते. ज्याचे हात चालत नाहीत, त्याचे मराठी बोलणे मोबाईल अक्षरांत उतरवितो. ज्याला ऐकू येत नाही, त्याला शिक्षकांचे बोलणे त्याच मार्गाने काही अंशी वाचता येते. २०१६ साली केंद्र शासनाने 'सुगम्य पुस्तकालय' हे छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठीचे ऑनलाईन ग्रंथालयही सुरू केले.

मग अडते कोठे? अडते ते अक्षरापाशी. मराठी मजकूर अनेक वर्षे जुन्या फाँटमध्ये टंकलिखित होत आला. त्या पद्धतीत पडद्यावर 'क' दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी तेथे भलतेच इंग्रजी चिन्ह असते. डोळसाला सुंदर दिसणारा तो मजकूर वाचकप्रणालीला निरर्थक ठरतो. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला मजकूर मात्र ती स्पष्ट वाचते. दुसरी अडचण झेरॉक्सच्या टिपणांची. पानाचा फोटो काढून धाडला की डोळसाचे काम भागते. दृष्टिहीनाच्या दृष्टीने ते केवळ एक चित्र असते. त्यातून अक्षरे ओळखून काढणारी प्रणाली आहे, परंतु फिकट झेरॉक्स आणि मराठी जोडाक्षरे यांपुढे ती चुकते; कोणीतरी बसून शुद्ध करावे लागते.

वाणिज्य शाखेचे उदाहरण घ्यावे. ताळेबंद जर संगणकावर खऱ्या रकान्यांच्या तक्त्यात मांडलेला असेल, तर वाचकप्रणाली कोणत्या ओळीतील, कोणत्या रकान्यातील आकडा ते सांगते. तोच ताळेबंद जागा सोडून सोडून हाताने जुळविलेला असेल, तर देण्यांची आणि मालमत्तेची बाजू एकत्र मिसळते आणि हुशार विद्यार्थ्यालाही हिशेब लागत नाही. चूक विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसते, मांडणीत असते. कापड कितीही उंची असो, मापाने शिवलेले नसेल तर ते अंगाला येत नाही.

ऐकून केलेला अभ्यास हा कच्चा अभ्यास, असा एक समज आहे. जैन परंपरेत आगमज्ञानाला 'श्रुत' म्हणतात. श्रुत म्हणजे ऐकलेले. ग्रंथबद्ध होण्यापूर्वी कित्येक शतके ते कानांनी आणि स्मृतीनेच जपले गेले. ज्या परंपरेची ज्ञानसंपदा श्रवणातून आली, तिने तरी कानाने शिकणाऱ्याला उणे लेखू नये.

आणि अशा अभ्यासाचे फळही याच जिल्ह्याने पाहिले आहे. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे अनाथ दिव्यांग मुलांचे पितृत्व स्वीकारणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिचे शिक्षण अमरावतीतच झाले. जन्मदात्यांनी टाकलेल्या मुलीने हे यश मिळविले ते तिच्या जिद्दीने; परंतु त्या जिद्दीच्या पाठीशी शिकविणारी, वाचून दाखविणारी माणसेही उभी होती.

समाजाची दानशूरता सर्वश्रुत आहे. चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे, काठ्या यांचे वाटप होते व ते व्हावे. परंतु वस्तू एका दिवसात देऊन होते. अक्षर वर्षभर द्यावे लागते. त्यासाठी पैशापेक्षा वेळ लागतो. निवृत्त शिक्षक, बँकेतील निवृत्त अधिकारी, दुपारी मोकळ्या असणाऱ्या गृहिणी यांनी अमरावती वा अकोल्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटून एका दिव्यांग विद्यार्थ्याचे एक पुस्तक मागून घ्यावे आणि ते युनिकोडमध्ये टंकलिखित करून द्यावे. हे करण्यास कायद्याची आडकाठी नाही. २०१२ साली कॉपीराईट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांच्या उपयोगासाठी, नफा न घेता, अशी सुगम प्रत तयार करण्याची मुभा मिळाली. संस्थेच्या वाचनालयात एक संगणक, त्यावर विनामूल्य वाचकप्रणाली आणि एक जोडी श्रवणफोन एवढी सोय झाली, तर बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला बसण्यास ठिकाण मिळेल. आणि यापुढे संस्थेच्या पत्रिका, अहवाल व स्मरणिका युनिकोडमध्ये सिद्ध व्हाव्यात, म्हणजे त्यातील विचार दृष्टिहीन बांधवांनाही दुसऱ्याच्या उपकाराविना वाचता येतील.

चतुर्विध दानात ज्ञानदानाची गणना आहे. पन्नास वर्षांच्या वाटचालीत या संस्थेकडून अन्न, औषध आणि आश्रय यांचे दान झाले आहे. एकावन्नाव्या वर्षाच्या प्रारंभी त्यात एका पुस्तकाच्या अक्षरांची भर पडावी, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.