स्वस्तातला सह्याद्री

आपापली इंजिनं-डबे जिवापाड सांभाळत इथवर आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने पहिली दहा मिनिटं आपण या पदाला कसे लायक नाही हे सांगण्यात घालवावीत, अशी आपल्याकडची रीत आहे. ती आज मी मोडतो. शेजारच्या दालनात गाड्या चालू आहेत आणि तुमचं निम्मं लक्ष तिकडे आहे, हे मला इथून स्पष्ट दिसतंय.

आपल्या लघुरेल्वेच्या छंदाबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: ‘हे श्रीमंतांचं काम.’ गाडीपुरतं ते खरं आहे. चांगलं इंजिन महाग, रूळ महाग, सांधे तर त्याहून महाग. त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क. यात मला काही सवलत सुचवता येत नाही. पण जे हलत नाही ते सगळं, म्हणजे डोंगर, माती, खडी, गवत, झाडं, घरं, हेही आपण पाकिटातूनच मागवायला लागलो आहोत, आणि ते मात्र मला मुळीच पटत नाही. पैशाचा प्रश्न त्यात आहेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की ती पाकिटं आपल्या डोंगरांसाठी बनलेलीच नसतात. त्यातली हिरवी भुकटी जर्मनीतल्या कुरणाची असते किंवा इंग्लंडमधल्या बांधावरची. खडकांचे साचे आल्प्सचे असतात. ते सगळं वापरून तुम्ही खंडाळ्याचा घाट उभा करता, त्यावरून मध्य रेल्वेची गाडी सोडता, आणि बघणारा विचारतो, ‘हे स्वित्झर्लंड का?’

आता ज्यांच्याकडून आपण हा छंद घेतला ते काय करत होते ते बघा. अमेरिकेत ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी डोंगर करण्याची जी पद्धत लोकप्रिय केली तिला लागतात वर्तमानपत्रांचे बोळे आणि प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी टॉवेल. बोळ्यांवर ते ओले कागद पसरायचे, वाळले की खालचे बोळे काढून घ्यायचे. वर राहतं ते अंड्याच्या कवचासारखं पातळ, पण घट्ट टरफल. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला पेंडन नावाचं संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने ते उभं केलं. तिथली खेडी बघायला जगभरातून लोक जातात. त्यातली घरं कार्डाची आहेत, जलरंगांनी रंगवलेली. आणि गवती छपरांसाठी वापरलाय तो नळजोडणीवाले आट्यांवर गुंडाळतात तो ताग. म्हणजे या कलेच्या शिखरावर बसलेली माणसं रद्दी आणि प्लंबरचं सामान वापरत होती.

आपल्याला तर हे परक्यांकडून शिकायचीही गरज नव्हती. दिवाळीत वाड्याच्या कोपऱ्यात किल्ला करणारी पोरं दुसरं काय करतात? दगड-विटा रचायच्या, त्यावर जुनी गोणपाटं टाकायची, वरून चिखल थापायचा आणि तटाखाली हळीव पेरायचे. चार दिवसांत डोंगर हिरवा. एका पैशाची खरेदी नाही. (मावळे विकत आणतात, पण ते आपल्या इंजिनासारखं. तिथे खर्च क्षम्य.)

आता घाटाकडेच येतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचा काळा कातळ तयार झाला. हे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो: उभा कडा, मग गवताचा उतार, परत कडा, परत उतार, आणि माथ्यावर सपाट पठार. टोकदार शिखर हा आपल्याकडे अपवाद. परदेशी पुस्तकं सांगतात की पुठ्ठ्याचे थर रचून डोंगर केलात तर पायऱ्या प्लास्टरने झाकून टाका, नाहीतर खोटं दिसेल. आपलं उलटं आहे. पायऱ्या ठेवा! किराणा दुकानाबाहेर पडलेली खोकी आणा, थर कापा, एकावर एक चिकटवा. जिथे कडा हवा तिथे आठ-दहा थर सरळ उभे रचा, जिथे उतार हवा तिथे एकेक थर आत घ्या. 1:87 या स्केलला दहा मीटरचा कडा साडेअकरा सेंटिमीटरचा होतो, तेव्हा जागा बघून हात आखडता घ्यावा लागेल. वरून कागदाचा लगदा आणि फेव्हिकॉल यांचा पातळ हात. कड्याला रंग देताना निव्वळ काळा देऊ नका. ट्यूबलाइटखाली तो भोकासारखा दिसतो. काळ्यात तपकिरी मिसळा, आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी रंग कडांवरून नुसता फिरवा.

घाटाची चढण 37 ला 1 आहे. ती पुठ्ठ्याने बिनचूक साधते. दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घेतला तर दर 7.4 सेंटिमीटरला एक पट्टी वाढवत जायचं. 1863 साली गाडी घाटातून जाऊ लागली ती याच चढणीवरून, आणि आजही गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. तुमच्याही गाडीला लागतील. डबे कमी लावा.

कोकणात उतरलात की काळा रंग मिटवून ठेवायचा. तिथे जांभा. विटांची भुकटी वस्त्रगाळ करून घ्या, सोबत थोडा गेरू. लगदा ओला असताना जुन्या टूथब्रशने ठोकत गेलं की जांभ्याची भोकं आपोआप उमटतात. कोकण रेल्वेचं कटिंग करायला याहून जास्त काही लागत नाही.

खडीबद्दल मात्र जरा थांबून बोलायचंय, कारण नवे लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. आपल्या रुळांखालची खडी मोठ्यात मोठी साधारण 65 मिलिमीटरची. 1:87 ला ती येते पाऊण मिलिमीटर. म्हणजे रवा. आता कोणीतरी सल्ला देतं की मोहरी टाका, रंगही छान येतो. मोहरीचा दाणा दोन मिलिमीटरचा धरला तर स्केलला तो सतरा-साडेसतरा सेंटिमीटरचा धोंडा झाला. रुळांखाली असे धोंडे भरलेले मी प्रदर्शनात पाहिलेत, बक्षीस मिळालेल्या मांडणीतसुद्धा. खसखस त्यामानाने बरी, पण ती रुळांपेक्षा महाग पडायची, आणि धान्य कुठलंही असो, पावसाळ्यात त्याला किडे होतात आणि किड्यांमागून उंदीर येतात. आपल्या खऱ्या खडीचा दगड कोणता? तोच काळा कातळ. मग जवळच्या खडी क्रशरवर जा आणि घमेलंभर डस्ट मागा. बहुधा पैसेसुद्धा घेणार नाहीत. तुम्हाला बघून हसतील एवढंच. घरी आणून धुवा, उन्हात वाळवा आणि दोन चाळण्यांतून काढा: रव्याच्या चाळणीतून खाली पडेल ते घ्या, मैद्याच्या चाळणीतून जे खाली पडेल ते बाजूला काढा. वर राहिली ती तुमची खडी. चाळण्या स्वतंत्र विकत घ्या. स्वयंपाकघरातल्या उचलल्यात तर पुढच्या वर्षी या सभेला घरून परवानगी मिळायची नाही.

यापुढची पायरी टाळू नका. ती भुकटी कागदावर पसरा आणि वरून लोहचुंबक फिरवा. काळे कण टपाटप उडून चिकटतील. आपल्या कातळात मॅग्नेटाइट असतं. हे कण रुळांवर राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं आणि दाते घासायला लागतात. कोकणातल्या काळ्या वाळूचं तर विचारूच नका. समुद्राच्या वाळूत शिवाय मीठ. ते हवेतला ओलावा धरतं आणि रूळ गंजवतं. फुकटची वाळू इंजिनाच्या भावात पडते ती अशी. खडी चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. आधी फवाऱ्याने खडी ओली करायची आणि मग सुई काढलेल्या सिरिंजने हे मिश्रण हळूहळू सोडायचं. साबण नसेल तर थेंब खडीवर मोत्यासारखे गोल बसतात आणि आत उतरत नाहीत.

गवत. इथे पैशाचा प्रश्न खरं तर ऋतूचा प्रश्न आहे. आपल्यापैकी बहुतेकांना सह्याद्री जुलैतला करायचा असतो: हिरवागार, धबधबे, ढग. सगळ्यात महाग ऋतू तोच! हिरव्याच्या पाच-सहा छटा लागतात, पाण्यासाठी रेझिन लागतं, आणि एवढं करून रंग जरा चुकला तरी सगळं प्लास्टिकचं दिसतं. तेच डिसेंबर घ्या. उतार सोनेरी झालेले असतात आणि तो रंग सुतळीत आयताच आहे. सुतळी सोडवायची, दोन-तीन मिलिमीटरवर कातरायची, झालं. उभं गवत हवं असेल तर धागे विजेच्या भाराने उभे करणारं यंत्र मिळतं, ते महाग. आपल्यातली बरीच मंडळी डास मारायच्या बॅटचं सर्किट वापरून ते घरी बनवतात. बनवा, पण झटका जबरदस्त बसतो. शाळकरी मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीशिवाय त्या वाटेला जाऊ नये. मला स्वतःला मे महिन्यातला घाट सगळ्यात आवडतो, करपलेला, वणव्याचे पट्टे असलेला. तो आजवर कोणी केलेला मी पाहिला नाही. त्याला तर सुतळी, चहाचा चोथा आणि चुलीतली राख एवढ्यावर भागेल.

चोथा कडकडीत वाळवलेला हवा, नाहीतर बुरशी. लाकडाच्या वखारीतला भुस्सा उत्तम, पण तो शाईने रंगवू नका, पोस्टर कलरने रंगवा, शाई उडते. सोनकीच्या फुलांसाठी हळद टाकणारेही आहेत. खिडकीशेजारी मांडणी असेल तर दोन महिन्यांत सोनकी पांढरी पडते.

झाडांचं भांडार घराबाहेरच आहे. फळं गळून गेल्यावर आंब्याच्या मोहोराचे वाळके तुरे झाडाखाली पडलेले असतात. त्यांना इतक्या बारीक फांद्या असतात की कारखान्यात तसं करणं परवडणार नाही. त्यावर गादीवाल्याकडच्या स्पंजचा रंगवलेला चुरा चिकटवला की ऐन वनातलं झाड तयार. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या झुडपांना. जुन्या केबलमधली तांब्याची तार पिळून वड होतो, पारंब्यांसकट. घरांसाठी लग्नपत्रिका ठेवा. त्याहून चांगलं कार्ड पैसे देऊनही मिळत नाही आणि हंगामात ते घरपोच येतं.

थर्माकोलबद्दल विचारणा होते. 2018 च्या अधिसूचनेनंतर राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा त्याचे ठोकळे आणून डोंगर कोरायचा बेत सोडून द्या. टीव्हीच्या खोक्यातून घरात आलेलं पडून असेल तर ते डोंगराच्या पोटात घालून टाका; कचऱ्यात जाण्यापेक्षा तिथे बरं. पण त्याला रबरी सोल्युशन किंवा स्प्रे पेंट लावू नका, ते विरघळतं.

काटकसर कुठे करायची नाही तेही सांगतो. रूळ, सांधे, वायरी आणि सगळ्याखालचा प्लाय. डोंगर फसला तर फोडून रद्दीत घालता येतो. प्लाय पावसाळ्यात फुगला तर वरचं सगळंच गेलं. माझं म्हणणं असं की पाकिटांवरचे वाचलेले पैसे तिथे घाला. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून उभं आहे. तिथे गेलात तर डोंगर आणि गाड्या तर बघाच, पण जमलं तर खाली वाकून रूळ कसे बसवलेत तेही बघा.

शेवटी एक सूचना. आपल्या स्पर्धेत मांडणीला गुण देताना देखाव्याच्या खर्चाचा हिशेब मागितला जात नाही. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक मांडणीसोबत एक कागद असावा: काय वापरलं, कुठून आणलं, किती पडलं. आणि दाराशी एक टेबल ठेवावं, ज्यावर चाळलेली खडी, कातरलेली सुतळी, मोहोराचे तुरे जो तो आणून ठेवील आणि लागेल ते घेऊन जाईल. संयोजकांनी हा ठराव दुपारच्या सत्रात मांडावा. अनुमोदन माझं धरा.