लाखोळीचा दोष आणि ताटातील दारिद्र्य



पोषणाचा प्रश्न समजून घेण्यासाठी नागपूरकरांना दूर जावे लागत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे बांधीत धान उभे असतानाच ओलीवर लाखोळीचे बी फेकतात. नांगरट नाही, ओलीत नाही. तरी गरिबाच्या घरी प्रथिनयुक्त डाळ येते. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांन्वये तिच्या विक्रीवर बंदी आली.

कारण खरे होते. महिनोन्‌महिने केवळ लाखोळीवर जगणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत. परंतु मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच या डाळीच्या रूपाने मिळे, हे विसरून कसे चालेल? त्यांच्या ताटात दुसरे काही नव्हतेच. (बेसनात तिची भेसळ करणारे मात्र उपाशी नव्हते, हे व्यापारी वर्गाने मोकळेपणी मान्य करावे.)

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध प्रदीर्घ लढा दिला. दरम्यान कमी विषद्रव्याचे ‘रतन’, ‘प्रतीक’ हे वाण आले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषद्रव्य बरेच घटते. सोबत भात, भाजी आणि एखादी दुसरी डाळ हवीच. आणि ती विकत घेता येईल इतकी मजुरीही.