मोटार चालविण्याचा आनंद आणि नवीं साधनें



एका निवृत्त शाळामास्तरानें मोटारगाडीविषयीं बोलावें, याचें आपल्यांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. यंत्रशास्त्राशीं माझा संबंध म्हटला तर सायकलच्या पंक्चरपुरता. परंतु रत्नागिरीस राहणाऱ्या माणसाला कोल्हापूर गांठावयाचें तर आंबा घाट चढावा लागतो, आणि मुंबईची वाट धरावी तर परशुराम आणि भोस्ते हे घाट आडवे येतात. अशा मुलखांत गेलीं पंचवीस-सव्वीस वर्षें मी स्वतः गाडी चालवीत आहें. तेवढ्या अधिकारावर आज चार शब्द बोलण्याचें धाडस करतों.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या मुलानें नवी मोटार घेण्याचें ठरविलें. दुकानांतून त्यानें जो छापील कागद आणला, त्यांत गाडीचें वर्णन थोडें आणि तिच्यांतील साधनांची यादीच फार लांब होती. माझ्या एका जुन्या स्नेह्यानें ती यादी वाचली आणि चष्मा उतरवून तो मला म्हणाला, "मास्तर, आतां गाडी चालविण्यांत राम राहिला नाहीं. सर्व कांहीं यंत्रच करणार. आपण नुसतें बसावयाचें!" मुलाचें म्हणणें नेमकें उलट. तो म्हणाला, "बाबा, जितकीं साधनें अधिक, तितका जिवाला धोका कमी." या दोघांत खरें कोणाचें, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनांत घोळत आहे.

प्रथम माझ्या स्नेह्याची बाजू मांडतों, कारण ती माझ्याहि मनांत आहे. माझे मामा भाड्याची फियाट चालवीत. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ती गाडी. तिचा गिअरचा दांडा खालीं नसून स्टिअरिंगच्या खांबालाच असे. आंबा घाट चढतांना मामा बोलत नसत. ते इंजिनाचा आवाज ऐकत असत. वळण येण्याच्या आधींच त्यांचा हात त्या दांड्यावर जाई, आणि मागें झोंपलेल्या आम्हां पोरांना गिअर बदलल्याचा पत्ताहि लागत नसे. ते म्हणत, "गाडीनें मागण्यापूर्वीं गिअर द्यावा, मागितल्यावर देणारा तो ड्रायव्हर नव्हे." पुढें मी स्वतः गाडी चालवूं लागलों, तेव्हां या वाक्याचा अर्थ मला कळला. चाकाखालीं खडी आहे कीं ओली तांबडी माती आहे, हें त्या काळच्या जड स्टिअरिंगमधून हाताच्या तळव्याला कळत असे. आजचें विजेच्या साह्यानें फिरणें स्टिअरिंग एका बोटानें वळतें खरें, पण रस्त्याची ती बातमी हातापर्यंत पूर्वीइतकी स्पष्ट येत नाहीं. कांहीं तरी गमावलें आहे, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे.

परंतु जें जें कष्टाचें होतें, तें तें आनंदाचेंच होतें काय? पूर्वीं मोटारीच्या तोंडाशीं उभें राहून हँडल फिरवावें लागे. इंजिनानें उलट हिसका दिला तर मनगट मोडे. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर आला आणि ती कटकट मिटली. आज कोणीहि असें म्हणत नाहीं कीं, हँडल गेलें आणि आनंद संपला. आम्ही लहान असतांना आमचे गुरुजी म्हणत कीं, बॉलपेननें मुलांचें अक्षर बिघडलें. त्यांच्या गुरुजींनीं हाच दोष टांकाला दिला असेल आणि बोरूचे गोडवे गाइले असतील. आपण ज्या अडचणीवर मात करावयास शिकलों, तीच अडचण आपणांस पुढें रम्य वाटूं लागते. हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला पुरावा मानूं नये.

शिवाय गाडींत चालक एकटाच नसतो. गाडीचा वेग आपोआप एकसारखा राखणारें साधन राल्फ टीटर या अमेरिकन यंत्रज्ञानें शोधून काढलें, आणि १९५८ सालीं तें क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांतून विक्रीस आलें. हे गृहस्थ बालपणापासून अंध होते. त्यांचे वकील गाडी हांकतांना बोलूं लागले कीं वेग कमी करीत आणि ऐकूं लागले कीं वाढवीत. त्या धक्क्यांना कंटाळून टीटर यांना ही कल्पना सुचली, असें सांगतात. चालकाचा आनंद मोजतांना शेजारीं बसलेल्याचाहि विचार हवा, हें मला या कथेंतून उमगलें.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना मला आजहि अवघडल्यासारखें होतें. १९९९ सालचा जुलै महिना. माझी जुनी मारुती ८०० घेऊन आम्ही कोल्हापुराहून परत येत होतों. शेजारीं पत्नी, मागें सात वर्षांचा मुलगा. आंबा घाटांत धुकें दाटलेलें आणि पाऊस लागलेला. घाट आपल्या ओळखीचा आहे या गुर्मींत मी जितक्या वेगानें उतरावें त्याहून अधिक वेगानें उतरत होतों. एका वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक उभा होता. मीं सर्व बळ एकवटून ब्रेक दाबला. चाकें जागच्या जागीं आवळलीं गेलीं, आणि गाडी ओल्या डांबरावरून सरळ घसरूं लागली. मीं स्टिअरिंग उजवीकडे वळविलें, परंतु गाडी वळेना. ट्रकच्या मागच्या फळीपासून दोन हातांवर ती कशीबशी थांबली. मुलाचें कपाळ पुढच्या बैठकीवर आपटलें. ती खूण त्याच्या भुंवईवर आजहि आहे.

दोष गाडीचा नव्हता, माझा होता. पण त्या घसरण्यांत जें घडलें, तें समजून घेण्यासारखें आहे. फिरतें चाक रस्ता धरतें, आवळलेलें चाक नुसतें घसरतें. आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. यावर उपाय म्हणून १९७८ सालीं बॉश कंपनीनें केलेली विजेची योजना मर्सिडीझ गाडींत बसविण्यांत आली. तिलाच एबीएस म्हणतात. चाक आवळूं लागलें आहे असें कळतांच ती ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हां देते. असें एका सेकंदांत अनेकदां होतें. त्यामुळें चाक फिरत राहतें आणि ब्रेक दाबलेला असतांहि गाडी वळवितां येते. सैल खडीवर या योजनेनें थांबण्याचें अंतर वाढूंहि शकतें. पण दिशा हातीं राहते, हें तिचें खरें दान. १९९५ मध्यें याच्या पुढचें साधन आलें. गाडी वळणावर फेंकली जाऊं लागली तर तें एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करतें. यांपैकीं कोणतें साधन माझ्या मामांचा आनंद हिरावून घेतें? एकहि नाहीं. तीं एरवीं स्वस्थ असतात, आणि आपली चूक झाली म्हणजेच जागीं होतात.

मात्र तीं शिकावीं लागतात. मुलाची नवी गाडी आल्यावर पहिल्याच पावसाळ्यांत नाणीजच्या पुढें मी ती चालवीत होतों. एकाएकीं म्हैस आडवी आली. मीं ब्रेक दाबला, तों पायाखालीं तो धडधडूं लागला आणि खरखर असा आवाज आला. कांहीं तरी मोडलें असें समजून मीं पाय उचलला! मुलगा ओरडला, "बाबा, पाय काढूं नका! दाबून धरा आणि वळवा!" मीं तसें केलें आणि म्हैस वांचली. ज्याच्या कपाळावर माझ्या चुकीची खूण आहे, त्यानेंच मला तो धडा दिला. त्या रात्रीं गाडीबरोबर आलेली जाडजूड माहितीपुस्तिका मीं प्रथम उघडली. चाळीस वर्षें मुलांना "धडा आधीं वाचून या" असें सांगणाऱ्या मास्तरानें स्वतः तो वाचला नव्हता. आपल्यांपैकीं किती जणांनीं ती पुस्तिका वाचली आहे, हें ज्याचें त्यानें मनाशीं पाहावें.

आतां पैशाचा प्रश्न. ही साधनें पुष्कळ काळ आपल्याकडे ऐच्छिक होतीं, म्हणजे जादा पैसे मोजणाराला मिळत. २०१४ सालीं ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान गाड्या मुद्दाम आदळवून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या रक्षणासाठीं एकीलाहि एक तारा मिळाला नाहीं. त्यांपैकीं फोक्सवॅगन पोलो हीच गाडी दोन एअरबॅगा बसवून पुन्हां आदळविली, तेव्हां तिला चार तारे मिळाले. पुढें कायदा आला. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आवश्यक झालें. जुलै २०१९ पासून चालकासाठीं एअरबॅग, पट्टा न लावल्यास सूचना आणि ८० किलोमीटरच्या पुढें वाजणारी घंटा आली. आणि २०२१ च्या अखेरीस पुढच्या प्रवाशालाहि एअरबॅग मिळाली. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप ही परीक्षाहि सुरू झाली आहे. जी वस्तू जीव वांचविते, ती हौसेची बाब नव्हे, हें आपण उशिरां कां होईना मान्य केलें.

हौसेच्या बाबी अजून आहेतच. आमच्या घरीं नातीचा सारा हट्ट छप्पर उघडणाऱ्या गाडीसाठीं होता. कोंकणांत तें छप्पर पावसाळ्यांत उघडतां येत नाहीं आणि वैशाखांत उघडवत नाहीं. आणि मुलांनीं त्यांतून डोकें बाहेर काढून उभें राहणें तर जिवावरचा खेळ. पण विक्रेत्यांची मांडणी अशी कीं, कधीं कधीं रक्षणाचें साधन हवें तर दागिनाहि घ्यावाच लागतो. अशा वेळीं यादी वाचतांना एक साधा प्रश्न विचारावा : हें साधन माझी चूक झाल्यावर मला सांवरील, कीं चूक होण्यापूर्वीं माझें लक्ष ओढून घेईल?

या कसोटीला माझ्या मतें मोठा पडदा उतरत नाहीं. पूर्वीं वाऱ्याचें किंवा दिव्याचें बटण बोटांना पाठ असे. डोळे रस्त्यावर राहत. आतां पडद्यावर बोट ठेवण्यासाठीं आधीं तिकडे पाहावें लागतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सोळा मीटरांहून अधिक अंतर तोडते. दोन सेकंद खालीं पाहिलें कीं तेहतीस मीटर आपण डोळे मिटूनच गेलों. युरोपांतील एनकॅप संस्थेनें २०२६ पासून दिशादर्शक दिवे, वायपर, भोंगा अशा गोष्टींना हाताला लागणारें बटण किंवा दांडा असावा, असा आग्रह आपल्या गुणपत्रिकेंत धरला आहे, तो याच कारणासाठीं.

आणि जीं साधनें कॅमेऱ्यानें रस्ता पाहून गाडीला पट्ट्यांच्या आंत ठेवतात, त्यांना आधीं पट्टे दिसावयास हवेत. आपल्या कडेच्या रस्त्यांवर पट्टे कोठें पुसलेले, कोठें चिखलानें झांकलेले, कोठें मुळांतच नसलेले. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांचेंहि असेंच. ज्या गिअरांत घाट चढावा, त्याच गिअरांत तो उतरावा, म्हणजे इंजिनच वेग रोखून धरतें आणि ब्रेक तापत नाहींत, हा जुना नियम कोणत्याहि यंत्रानें रद्द केलेला नाहीं. अशा गाड्यांतहि खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुधा असते. ती पुस्तिकेंत शोधावी.

तर मग आनंद कोठें आहे? मामांच्या हातांतील दांडा हा त्यांचा आनंद नव्हता, असें मला आतां वाटतें. वळण येण्यापूर्वीं तें जाणणें, गाडीचें, रस्त्याचें आणि मागें झोंपलेल्या मुलांचें एकदम भान असणें, हा त्यांचा आनंद होता. तो आजच्या गाडींतहि शिल्लक आहे, पण त्यासाठीं मन जाग्यावर हवें. माझा स्नेही ज्याला राम म्हणतो, तो यंत्रानें नेलेला नाहीं. आपणच त्याला पडद्याच्या हवालीं करतों. आणि माझा मुलगा म्हणतो तेंहि खरें. परंतु वेग दुप्पट केला तर थांबावयास सुमारें चौपट अंतर लागतें, हें गणित कोणतेंहि साधन बदलीत नाहीं.

गेल्या श्रावणांत आम्ही सर्वजण आंबा घाट उतरलों. मुलगा चालवीत होता. गिअर दुसरा, पडदा काळा केलेला. नात मागें पट्टा लावून झोंपली होती, आणि साखरपा येईपर्यंत ती जागी झाली नाहीं. घाट उतरतांना त्यानें रेडिओहि बंद ठेवला होता. आपणहि तसेंच करावें, मग त्यावर माझेंच भाषण चालू कां असेना.