वगळलेल्यांचा आजार



ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्याला टाळेबंदी पाळणे परवडत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, त्याचे रक्त यंत्राने शुद्ध करून घ्यावे लागते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, वाहने थांबली. डायलिसिस थांबवता येणे शक्य नव्हते. घरी राहावे तर शरीरात पाणी व विषद्रव्ये साचून मृत्यू, केंद्रात जावे तर संसर्गाचे भय. त्यात या रुग्णांची प्रतिकारशक्ती मुळातच क्षीण. करोनाने दगावण्याचा धोका त्यांना इतरांहून कितीतरी अधिक.

मग औषधांची परीक्षा प्रथम कोणासाठी व्हावयास हवी होती? घडले ते उलटेच. रेमडेसिव्हिरच्या प्रमुख चाचण्यांतून तीव्र मूत्रपिंडविकाराचे रुग्ण वगळले गेले. औषध विरघळावे म्हणून त्यात घातलेले सायक्लोडेक्स्ट्रिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ते साचून अपाय होईल, अशी शंका होती. शंका अवाजवी नव्हती, परंतु तिचे निरसन करण्याची निकड कोणास वाटली नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्ये या औषधास पूर्ण मान्यता मिळाली. डायलिसिसवरील रुग्णांनाही ते मात्रा न बदलता देता येते, हे तेथील औषध नियंत्रकांनी मान्य केले जुलै २०२३ मध्ये. तोवर मोठ्या लाटा ओसरून गेल्या होत्या.

याउलट ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणी पाहा. ती सार्वजनिक आरोग्यसेवेच्या रुग्णालयांतून, नेहमीच्या उपचारांसोबतच चालली आणि मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांनाही तिची दारे खुली होती. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हे तिने जून २०२० मध्येच दाखवले. औषध जुने, अत्यंत स्वस्त, आणि मूत्रपिंडे निकामी असली तरी मात्रा तीच.

सारा दोष कंपन्यांच्या नफेखोरीवर ढकलणे सोपे आहे. पण रेमडेसिव्हिरची एक प्रमुख चाचणी अमेरिकेच्या सरकारी पैशाने झाली आणि तिनेही या रुग्णांना वगळलेच. तेव्हा पैसा सार्वजनिक असणे पुरेसे नाही. दुर्बलांना सामावून घेण्याची अटही सार्वजनिक हवी.

आपल्याकडे २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्हा रुग्णालयांतील त्याच्या केंद्रांत गरीब रुग्ण ठरल्या दिवशी, वर्षानुवर्षे येत असतात. पुढील साथीत औषधांच्या चाचण्या रुग्णांच्या संमतीने याच केंद्रांतून व्हाव्यात, ही मागणी आज, साथ नसतानाच, केली पाहिजे. साथ आल्यावर ती ऐकण्यास कोणालाही सवड नसेल.