खाडीपलीकडचा तालुका

दाभोळच्या धक्क्यावरून समोर पाहिलं की धोपावे दिसतं. इकडे दापोली तालुका, तिकडे गुहागर, मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट मिळाली तर गाडीसकट काही मिनिटांत पलीकडे, नाही मिळाली तर थेट चिपळूणचा वळसा. रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा असा खाड्याखाड्यांनी तुटलेला आहे: बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, जैतापूर.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग या खाड्या जोडणार, हे आपण बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतो आहोत. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर इथले पूल झाले. बाणकोट, दाभोळ, जयगडचे मोठे पूल मात्र मागे राहिले. आता हे काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे.

या रस्त्याची चर्चा बहुधा मुंबईकराच्या गाडीत बसून होते. गोव्याला किती तास वाचतील, समुद्र किती वेळ दिसेल, वगैरे. पर्यटक यावेत, जरूर यावेत. पण पूल व्हायला हवा तो आधी दवाखाना गाठणाऱ्या बाळंतिणीसाठी, कॉलेजच्या पोरांसाठी आणि मासळीच्या टोपल्यांसाठी. रस्ता गावाबाहेरून सरळ नेला आणि एसटीचा थांबा बाजारपेठेपासून दूर पडला, तर गावाच्या वाट्याला नुसता गाड्यांचा आवाज येईल.

सरळ रेषेचा मोह सड्यावर जास्त होतो. नकाशावर सडा मोकळा दिसतो. प्रत्यक्षात तिथे पावसाळी चराई असते, कुठे कातळशिल्पं असतात. खाली खाजणात भराव घालून मोऱ्या अरुंद ठेवल्या, तर भरतीचं पाणी अडतं आणि पावसात वरचं पाणी शेतात तुंबतं. मोरीचा व्यास ठरवणाऱ्या साहेबांनी एकदा आषाढात, उधाणाच्या दिवशी तिथे उभं राहावं.

सगळ्यात मोठी गुंतागुंत सातबाऱ्याची. चार गुंठ्यांच्या तुकड्यावर पणजोबांपासूनची नावं, सामायिक हिस्से, कुळाची नोंद. निम्मे सहहिस्सेदार मुंबईत, एखादा आखाती देशात. नोटीस घराच्या दाराला चिकटवली जाते आणि घराला कुलूप असतं. मग मोबदल्यावरून भावाभावांत दावे लागतात, काम रखडतं आणि दोष मात्र गावाला. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं. पुढे किती वर्षं आपण त्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घेतली, हे श्रोत्यांना मी सांगायला नको.

म्हणून मोजणी आणि हरकतींची सुनावणी गणपतीत ठेवावी. तेव्हा चाकरमानी गावात असतात, सगळे हिस्सेदार एका पडवीत सापडतात. आखणीचा नकाशा ग्रामपंचायतीत मराठीतून, गट क्रमांकांसह लावावा. कार्यालयाला त्या दिवसांत सुट्टी असते, हे खरं. एक वर्ष साहेबांनी आमच्याकडे मोदक खायला यावं, येताना नकाशा आणावा.