धाकल्याचंबी ऐकावं



दिंडीचे विणेकरी, चोपदार, टाळकरी अन् डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या माय-बहिणींनो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. चार शब्द बोलायला मला उभं केलं. मी चौथी शिकलेला माणूस. ७२ च्या दुष्काळात बापाबरोबर खडी फोडली, सुकडी खाल्ली. तवा पुस्तकातलं कमी अन् भोगलेलं जास्त सांगीन. चुकलं तर पदरात घ्या.

आपण म्हाताऱ्यांची रोजची तक्रार हाय. पोरं बिघडली, मोबाईल सोडीत नाहीत, वडीलधाऱ्यांसमोर बोलतात, रीत मानीत नाहीत. मीबी हे कीर्तनात लई सांगितलं. लोक माना डोलवायचे. पण एक दिवस माझ्याच घरात माझी मान खाली गेली.

थोरल्या लेकीचं लग्न मी पंधराव्या वर्षी लावलं. तवा आम्ही दोघं कारखान्याला जायचो. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, ती उन्हाळ्यात माघारी यायची. वयात आलेली पोरगी कुणापाशी ठेवायची? मुकादमाची उचल घेतलेली. लग्न लावलं की पोरीची काळजी मिटली, असं वाटलं. तिकडं सासरीबी एक कोयता तयार झाला. कोयता म्हणजे जोडपं, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. वर्षाच्या आत ती कोपीतच बाळंत झाली. लेकरू दोन दिवस राहिलं. मी देवाची मर्जी म्हणलो अन् पुढच्या आठवड्यात कीर्तनाला उभा राहिलो.

मागं पंचमीला लेक माहेरी आली होती. नात तवा दहावीत. तिला स्थळ आलं अन् मी हो म्हणून बसलो. नात म्हणाली, "आबा, मला शिकायचंय. मी लग्न करणार न्हाई." मी तडकलो. सुनेला म्हणलं, हे मोबाईलनं शिकवलंय हिला. तवा चुलीपाशी बसलेली लेक हळूच बोलली, "आबा, मला कुणी इचारलं नव्हतं. हिला तरी इचारा."

त्या रात्री डोळा लागला नाही. ज्ञानोबाराय ताटी लावून बसले, तवा ती उघडायला लावली धाकट्या मुक्ताईनं. चौदाशे वर्षांचे म्हणवणारे चांगदेव तिचेच शिष्य झाले. हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, अन् घरातल्या मुक्ताईला गप बस म्हणलो!

मायबाप, रीत वेगळी अन् धर्म वेगळा. १९४७ साली पंढरीत साने गुरुजी उपोषणाला बसले. ज्यांना अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलं, त्यांना विठोबाचं दार उघडा, एवढंच मागणं. तवाबी जुनी मंडळी म्हणाली, धर्म बुडंल. दार उघडलं. धर्म बुडाला का? वारी वाढलीच.

सरकारच्या २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर १०० बायकांमागं ४३ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. २००६ चा कायदा हाय, मुलगी १८ अन् मुलगा २१. लग्न लावणारालाबी शिक्षा हाय. पण मला शिक्षेचं भ्या नाही. अशा कैक मांडवांत मी आशीर्वाद दिलेत, त्याची लाज वाटते.

पोरांनो, तुम्हालाबी सांगतो. डीजेसाठी कर्ज काढणं ही काही सुधारणा नव्हं. आई-बापाला दोन घास प्रेमानं घालणं अन् गळ्यातल्या माळेला जपणं, हे जुनं असलं तरी सोडू नका.

आता माझ्यापुरतं ठरवलंय. लग्नाचा नारळ घेऊन कुणी आलं की आधी पोरीची टीसी बघतो. वय कमी असंल तर नारळ माघारी. अन् दिंडीनं एक करावं. ज्यांचे आई-बाप कारखान्याला जातात, त्या पोरींना गावातच हंगामी वसतिगृहात, नाहीतर आपल्या माळकऱ्यांच्या घरी लेकीसारखं ठेवावं. वाटेत आपण अनोळखी वारकऱ्याला जेवू घालतो. मग गावच्या लेकीला सहा महिने भाकर जड होईल का?

नात आता नर्सिंगला हाय. लेक मात्र अजून कोयता घेऊन जाते. तिचं गेलेलं शिक्षण मला देता येत नाही. यंदा तिला बरोबर घेऊन वारीला चालणार हाय, अन् वाटेत ती बोलंल ते ऐकणार हाय.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!