नवं ग्राफिक्स कार्ड, काळा पडदा

जुन्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पंखे फिरू लागले, पण पडदा काळाच. कार्डच खराब निघालं, असं लगेच धरून चालू नका. आधी मॉनिटरची केबल पाहा. ती मदरबोर्डलाच लावलेली राहिली असेल, तर काढून नव्या कार्डाला लावा.

खरी गोम बहुधा विजेत असते. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्याहून भुकेल्या कार्डाच्या कडेला बहुधा 6 किंवा 8 पिनांची जागा असते. तिथे पॉवर सप्लायची वायर हवीच. जुना, कमी ताकदीचा सप्लाय इथेच हात टेकतो. मग स्वस्तातला कन्व्हर्टर जोडून वेळ मारून नेणं मला धोक्याचं वाटतं, वायर तापते.

वीज पुरेशी असूनही चित्र नाही? मग बायोस बघा. यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा प्रकार, नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर काही नवी कार्डं चित्रच दाखवत नाहीत. अशा वेळी जुनं कार्ड परत बसवा, मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडून बायोसची नवी आवृत्ती घ्या, आणि ती चढवताना वीज जाणार नाही एवढी काळजी घ्या.